सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहू या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. स्पेनच्या दक्षिण टोकापासून मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया आणि येमेनपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास असून इजिप्तमधील लक्सरच्या परिसरात सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला राहणार आहे. आपल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल आणि सूर्यबिंबाचा थोडाच भाग झाकला जाईल. २०२२ सालच्या २५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मावळत्या सूर्याला ग्रहण लागले होते. त्यानंतर खानदेशातून दिसणारे हे पहिलेच सूर्यग्रहण होय. तो शाळेचा दिवस असल्यामुळे मुले घराबाहेर असतील आणि ग्रहण कशातून पाहायचे हा प्रश्न घराघरांत निघेल. या प्रश्नाला आपल्याकडे जी उत्तरे परंपरेने दिली जातात त्यांपैकी बरीचशी डोळ्यांना घातक आहेत, आणि जी खरोखर सुरक्षित आहेत ती घरातल्याच वस्तूंनी साधणारी असूनही फारशी कोणी सांगत नाही. ग्रामीण भागातील शाळांत विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्या अधिकाराने हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत आधी परातीविषयी लिहितो, कारण ती घरोघरी निघते. परातीत हळदीचे किंवा शेणाचे पाणी घ्यायचे आणि त्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहायचे, हा उपाय वडीलधारी माणसे अत्यंत विश्वासाने सांगतात. सूर्य माथ्यावर असताना पाण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे पन्नासावा भाग प्रकाश परत फिरतो आणि सूर्य कलत जातो तसे हे प्रमाण वाढत जाते. सूर्याकडे सुरक्षितपणे पाहायचे तर त्याचा प्रकाश साधारण एक लाखांशापर्यंत कमी व्हावा लागतो. म्हणजे परातीतला सूर्य सुरक्षित मर्यादेच्या हजारपटीहून अधिक प्रखर असतो. पाण्यात हळद कालवल्याने किंवा शेण मिसळल्याने यात काहीच फरक पडत नाही, कारण प्रतिबिंब पाण्याच्या वरच्या थरावरूनच परावर्तित होते, आतले पाणी कितीही गढूळ असो. ग्रहणात परातीत मुसळ उभे करण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. तळ सपाट असलेले मुसळ कोणत्याही दिवशी उभे राहते, हे मुलांनी आदल्या आठवड्यात करून पाहावे. आणि ज्यांना ग्रहणातच ते उभे करायचे असेल त्यांनी परात छपराखाली, सावलीत ठेवावी, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. उघड्या अंगणात ठेवलेल्या परातीभोवती लहान मुले वाकून उभी राहतात, ते मला पाहवत नाही.

हीच गोष्ट काजळी धरलेल्या काचेची, एक्स-रेच्या फिल्मची, फोटोच्या जुन्या निगेटिव्हची, सीडीची, वेफर्सच्या चकचकीत पाकिटाची आणि एकावर एक चढवलेल्या दोन-तीन काळ्या चष्म्यांची आहे. यातून सूर्य मंद दिसतो आणि नेमका तिथेच घात होतो. डोळ्यांना दिपवणारा उजेड कमी झाल्यामुळे बाहुली मोठी होते, माणूस निवांतपणे टक लावून पाहतो, आणि या वस्तूंतून पुरेसे न अडलेले दृश्य किरण आणि डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण दृष्टिपटलावर एका ठिकाणी एकवटतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा होत असताना डोळा चुरचुरत नाही, दुखत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की आपल्याला काहीच झाले नाही. काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचताना मधलेच अक्षर दिसत नाही, सरळ रेघ वाकडी दिसते, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर डाग आल्यासारखे वाटते. काहींना काही महिन्यांत बरे वाटते, काहींच्या नजरेतला तो डाग कायमचा राहतो, आणि त्यावर खात्रीचा असा कोणताही औषधोपचार नाही. लहान मुलांच्या डोळ्यांतील भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असल्यामुळे त्यांच्या दृष्टिपटलापर्यंत अधिक किरण पोहोचतात, म्हणून त्यांची काळजी दुप्पट घ्यायला हवी.

वेल्डिंगच्या काचेविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण ती अर्धवट खरी गोष्ट आहे. १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच सूर्य पाहण्यास योग्य मानली जाते. परंतु गावातल्या दुकानात आर्क वेल्डिंगच्या मुखवट्याला बहुधा १० किंवा ११ क्रमांकाची काच बसवलेली असते आणि गॅस वेल्डिंगच्या चष्म्याची काच तर त्याहून कितीतरी फिकी असते. काचेच्या कोपऱ्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो १४ नसेल किंवा वाचताच येत नसेल, तर ती काच या कामाची नाही. ग्रहणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या चष्म्यांवर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेले असते, पण छापणे सोपे असल्याने खात्रीच्या विज्ञान संस्थेकडूनच ते घ्यावेत. खऱ्या चष्म्यातून सूर्याव्यतिरिक्त जवळजवळ काहीही दिसत नाही. घरातला दिवा, झाडे, रस्ता दिसू लागला तर तो चष्मा खोटा समजावा. पडद्यावर ओरखडा किंवा टाचणीएवढे भोक असेल तर तो फेकून द्यावा, आणि असा चष्मा घालून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून तर मुळीच पाहू नये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येतो. ग्रहण पाहण्याची सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे सूर्याकडे पाठ करून उभे राहणे आणि सूर्याची प्रतिमा कागदावर, भिंतीवर किंवा जमिनीवर पाहणे. पत्र्याच्या छपराचा एखादा खिळा निघून गेलेला असतो, कौल सरकलेले असते, आणि दुपारी सारवलेल्या जमिनीवर उजेडाचा कवडसा पडतो. तो कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. भोक तिकोनी असो की वेडेवाकडे, पुरेशा अंतरावर पडलेला कवडसा गोलच असतो, किंवा सूर्य तिरपा असेल तर लंबगोल असतो, कारण सूर्य गोल आहे. ग्रहण लागले की त्याच कवडशाची एक कड खाल्लेली दिसते, आणि ग्रहण मोठे असेल तर त्याची कोर होते. निंबाखाली किंवा चिंचेखाली पानांच्या फटींतून पडणाऱ्या शेकडो ठिपक्यांचेही तसेच होते. जर्मन खगोलशास्त्रज्ञ जोहान्स केप्लर यांनी इ. स. १६०० मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सूर्यग्रहणाचा अभ्यास याच तत्त्वाने, लहान छिद्रातून प्रतिमा पाडून केला होता.

याचे गणित पाचवीच्या मुलालाही जमते. सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट अंतरावर आहे. म्हणून छिद्रापासून कागद जितक्या अंतरावर धरावा, त्या अंतराला १०८ ने भागले की प्रतिमेचा व्यास मिळतो. एक मीटरवर सुमारे नऊ मिलिमीटर, दोन मीटरवर जवळजवळ दोन सेंटिमीटर. छिद्र मोठे केले तर प्रतिमा मोठी होत नाही, फक्त अधिक उजळ आणि पुसट होते. कागद जवळ आणला तर सूर्याऐवजी छिद्राचाच आकार उमटतो. छिद्राच्या रुंदीच्या निदान तीनशे पट अंतर राखावे, म्हणजे एक मिलिमीटरच्या छिद्राला किमान तीस सेंटिमीटर, आणि शक्य असेल तर त्याहून पुष्कळ अधिक.

यासाठी लागणारे साहित्य कोणाच्याही घरी असते. वहीचा पुठ्ठा घ्यावा, मध्यभागी बोटभर चौकोन कापून त्यावर पोळ्या गुंडाळण्याची अॅल्युमिनियमची फॉइल सुरकुती न पडू देता चिकटवावी आणि तिला सुईने एकच नीट छिद्र पाडावे. सूर्याकडे पाठ करून पुठ्ठा खांद्यावर धरला आणि समोर दुसरा पांढरा कागद सावलीत धरला की प्रतिमा दिसते. उघड्यावर ती फिकी वाटते, म्हणून खोके वापरणे बरे. ट्यूबलाइटचे चार फुटी खोके या कामाला फार उत्तम. त्याच्या एका टोकाला फॉइल आणि छिद्र, दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद, आणि त्या कागदाजवळच बाजूला पाहण्यापुरती खिडकी कापली की अकरा मिलिमीटरचा ठसठशीत सूर्य मिळतो. खोके सूर्याच्या रेषेत आणताना सूर्याकडे पाहायचे नाही. खोक्याची जमिनीवरची सावली सर्वांत लहान झाली की ते रेषेत आले असे समजावे. वर्गात हे साधन करून घेताना एक चूक हमखास होते आणि तिच्यावर शिक्षकांचे बारीक लक्ष असले पाहिजे. मूल छिद्रालाच डोळा लावते आणि त्यातून सूर्य शोधू लागते. छिद्र प्रकाशासाठी आहे, डोळ्यासाठी नाही, हे प्रत्येक मुलाकडून आधी म्हणवून घ्यावे.

स्वयंपाकघरातली साधनेही उपयोगी पडतात, पण ती निवडून घ्यावी लागतात. पिठाच्या चाळणीची भोके इतकी जवळजवळ असतात की प्रतिमा एकमेकींत मिसळून नुसता उजेड दिसतो. शेवेच्या सोऱ्याची बारीक भोकांची ताटली घेतली तर मधली बरीचशी भोके कणकेने बुजवावीत आणि दोन-दोन सेंटिमीटर अंतरावरची मोजकी उघडी ठेवावीत. म्हणजे मीटरभर खाली पसरलेल्या पांढऱ्या कापडावर प्रत्येक भोकाचा एक निराळा, कड खाल्लेला सूर्य उमटतो. मुलांना सर्वांत आवडणारा प्रकार म्हणजे पुठ्ठ्यावर आपल्या गावाचे नाव दीड-दीड सेंटिमीटरवर टोचलेल्या ठिपक्यांनी लिहिणे. ग्रहणाच्या वेळी कागदावर ते नाव कड खाल्लेल्या लहान लहान सूर्यांनी उमटते, आणि आपण नेमके काय पाहत आहोत हे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र मोठ्या वर्गासाठी किंवा एकत्र कुटुंबासाठी माझी पहिली पसंती आरशाला आहे. हातात मावणारा एक साधा सपाट आरसा घ्यावा, त्यावर काळा कागद चिकटवून मध्ये एक सेंटिमीटरचा भाग उघडा ठेवावा, आणि आरसा बाजरीने भरलेल्या वाडग्यात रोवावा. बाजरीत तो हवा तसा कलता करता येतो आणि कलता केला की तिथेच स्थिर राहतो. हा वाडगा उन्हात ठेवून परावर्तित झोत दारातून अंधाऱ्या खोलीच्या आतल्या भिंतीवर पाडावा. आरशापासून भिंत वीस मीटरवर असेल तर अठरा सेंटिमीटर व्यासाचा सूर्य भिंतीवर येतो आणि चाळीस मुले एकाच वेळी तो पाहू शकतात. २ ऑगस्टला ग्रहणाच्या वेळी सूर्य पश्चिमेकडे कललेला असेल. त्यामुळे ज्या खोलीचे दार पूर्वेला, उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तीच निवडावी आणि आरसा इमारतीच्या सावलीपलीकडे ठेवावा. पश्चिमेचे दार निवडले तर आरसा जवळजवळ आडवा धरावा लागतो आणि झोत क्षीण होतो. प्रतिमा साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढी सरकते, म्हणून एका जबाबदार मोठ्या माणसाने आरशाजवळच बसून तो हळूहळू फिरवत राहिले पाहिजे. झोत कोणाच्याही डोळ्यांवर येता कामा नये, आणि भिंतीकडे पाहायचे, आरशाकडे पाहायचे नाही, ही शिस्त सर्वांनी पाळावी.

आरशाचा आणखी एक लाभ आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अनेक घरांत ग्रहणकाळात बाहेर पडत नाहीत. विशेषतः वृद्ध माणसे आणि गरोदर स्त्रिया दारे लावून आत बसतात. ग्रहणामुळे पोटातल्या बाळाला अपाय होतो याला कोणताही शास्त्रीय आधार नाही, उलट गरोदर बाईला तासन्तास उपाशी आणि तहानलेली ठेवण्यात खरा धोका आहे, हे स्पष्टपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. परंतु ज्यांना ही रीत मोडवत नाही त्यांच्याशी त्याच दिवशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या घरातल्या भिंतीवर ग्रहण नेऊन दाखवणे मला अधिक योग्य वाटते. उंबरठा न ओलांडता आजीला आणि सुनेला ग्रहण लागलेला सूर्य दिसू शकतो. एकदा स्वस्थपणे पाहिले की भीती आपोआप कमी होते, असा माझा विश्वास आहे.

१६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी भीतीपोटी देशभर रस्ते ओस पडले होते, आणि २२ जुलै २००९ चा खग्रास पट्टा सुरत, इंदूर आणि भोपाळवरून, म्हणजे आपल्या वेशीजवळून, भर पावसाळ्यात गेला. या वेळीही ऑगस्टचा पहिला आठवडा असल्यामुळे आभाळ भरलेले असण्याचा संभव मोठा आहे. ढगाळ वातावरणात एक वेगळा धोका असतो, तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. विरळ ढगाआड सूर्य शांत, पांढरा दिसतो आणि माणूस काहीही न लावता त्याच्याकडे पाहतो. तेवढ्यात ढग सरकतो आणि पूर्ण तेज थेट डोळ्यांत शिरते. ढग असताना छिद्रातून प्रतिमा पडत नाही, म्हणून तर वर पाहण्याचा मोह आणखी वाढतो. खंडग्रास ग्रहणात उघड्या डोळ्यांनी पाहण्यासारखा एकही सुरक्षित क्षण नसतो, मग तो ढगाआडून असो की मावळतीला असो. मोबाइलने फोटो काढताना नजर आधी सूर्यावरच जाते, म्हणून तोही खिशात राहिलेला बरा.

यावरून मला शाळांसाठी एक गोष्ट सुचवायची आहे. ही सर्व साधने ग्रहणावाचूनही चालतात. कोणत्याही निरभ्र दिवशी छिद्रातून पूर्ण गोल सूर्य उमटतो, आणि त्या गोलाचा व्यास पट्टीने मोजून मुले सूर्याचा खरा व्यास स्वतः काढू शकतात. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतरावर आहे एवढे सांगितले की १०८ ने भागून १४ लाख किलोमीटरच्या जवळपास उत्तर येते. खानदेशात ऊन मुबलक आहे. डिसेंबरपासून मेपर्यंत केव्हाही हा सराव करता येईल, आणि जूनमध्ये पाऊस सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा हात या साधनावर बसलेला असेल. ग्रहणाच्या आदल्या दिवशी परिपत्रक काढून मुलांना वर्गात कोंडून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी श्रेयस्कर आहे. कोंडलेली मुले शाळा सुटल्यावर वाटेत सूर्याकडे पाहतातच, आणि तेव्हा त्यांच्यासोबत सांगणारे कोणी नसते.

आमच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण यांच्या गणिताला स्वतंत्र अधिकार, म्हणजे प्रकरणे, दिलेली आहेत. पाटण्याच्या शिलालेखात शके ११२८ च्या श्रावण पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ घराण्यातील सोईदेव या राजाने त्या मठाला दान दिल्याची नोंद आहे. ज्या मुलुखात आठशे वर्षांपूर्वी ग्रहणाचे गणित शिकवले जात होते, त्याच मुलुखातल्या मुलाला त्याच्या आकाशातले ग्रहण निर्धोकपणे पाहता यावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

तिन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी वार्षिक नियोजनात या सरावासाठी दोन तासिका ठेवाव्यात आणि २ ऑगस्टला ग्रहण संपेपर्यंत शिक्षकांनी मुलांबरोबर मैदानावर थांबावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. जुलैच्या अखेरीस ग्रहणाच्या स्पर्श (सुरुवात), मध्य आणि मोक्षाच्या (शेवटाच्या) वेळा प्रत्येक तालुक्यासाठी छापाव्यात, आणि त्याच पानावर दोन-दोन सेंटिमीटरवर ठिपके असलेला एक चौकोन, खाली अंतर व प्रतिमेचा व्यास यांचे छोटे कोष्टक आणि "डोळा छिद्राला लावू नये" ही सूचना ठळक अक्षरांत द्यावी. ते कात्रण वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठिपके सुईने टोचले की ज्या घरात दुसरे काहीही नाही तिथेही साधन तयार होईल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. चाळीसगाव, जि. जळगाव